जोंगम्यो : राजांच्या पाट्या



सेऊल शहरातल्या जोंगम्योच्या दारातून आत गेलं, की खडबडीत फरशांची तीनपदरी वाट लागते. मधला पदर जरा उंच. माझं पाऊल त्यावरच पडणार होतं, तेवढ्यात पाटी दिसली. ही वाट आत्म्यांची! राजानं उजवीकडून जायचं, युवराजानं डावीकडून. सिंहासनावर बसलेल्यालाही मधून चालायची मुभा नव्हती.

जोसॉन घराण्याचा संस्थापक तेजो यानं राजधानी इथं आणली आणि राजवाड्याबरोबरच १३९५ साली पूर्वजांचं हे देऊळ पुरं केलं. देऊळ म्हणायचं, पण आत मूर्ती नाही. प्रत्येक राजाची, राणीची लाकडी पाटी, आणि आत्म्याला ये-जा करता यावी म्हणून तिला आरपार भोक. मला आपल्या देव्हाऱ्यातले पूर्वजांचे टाक आठवले. पण टाकावर निदान चेहरा तरी उमटवलेला असतो.

मुख्य इमारत सात खोल्यांची होती. पिढ्या वाढल्या, तशा खोल्या जोडत गेले. आधी चार, मग १७२६ मध्ये चार, १८३६ मध्ये आणखी चार. आज एकोणीस खोल्यांत १९ राजे आणि ३० राण्या आहेत. राजवाड्यातली रंगीबेरंगी नक्षी इथं नाही. लाल खांबांची रांग आणि शंभरेक मीटर लांब छप्पर, बस्स. मला तरी राजवाड्यापेक्षा हेच भावलं.

मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी इथं मोठं श्राद्ध घालतात म्हणा ना. त्याचं संगीत १४६४ पासून ठरलेलं आहे. वादन संपवायचं असलं, की लाकडी वाघाच्या डोक्यावर तीनदा फटके मारतात आणि त्याच्या करवती पाठीवरून बांबू खरवडत नेतात.

पण इथं जागा मिळणं सोपं नाही. पोरवयातल्या दानजोंगची गादी चुलत्यानं बळकावली, १४५७ मध्ये त्याचा जीव गेला. त्याला राजेपण परत मिळालं १६९८ मध्ये, तेव्हा कुठे त्याची पाटी शेजारच्या दुसऱ्या इमारतीत आली. राजा ग्वांगहेगुनला तेवढंही नाही. १५९२ च्या जपानी स्वारीत हे सारं जळालं होतं. पळणाऱ्या राजानं पाट्या तेवढ्या सोबत नेल्या. नवी इमारत १६०८ मध्ये उभी राहिली, त्याच वर्षी ग्वांगहेगुन गादीवर आला. पुढं १६२३ मध्ये त्याला पदच्युत केलं. त्या एकोणीस खोल्यांत त्याची पाटी नाही. शेजारच्या इमारतीतही नाही.