मिश्र अध्यापन : यंत्राचे काम आणि शिक्षकाचे काम
(शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)





‘ब्लेंडेड लर्निंग’ हा शब्द आजकाल प्रत्येक प्रशिक्षण शिबिरात कानावर पडतो. मराठीत आपण त्याला मिश्र अध्यापन म्हणू. धड्याचा काही भाग मुलाने व्हिडिओवरून आपल्या सवडीने समजून घ्यायचा आणि उरलेला भाग वर्गात शिक्षकांसमोर पुरा करायचा, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही भाग मात्र एकमेकांत गुंतलेले हवेत. पडद्यावर व्हिडिओ लावून शिक्षक हजेरीपट भरत बसले, तर ते मिश्र अध्यापन नव्हे.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी २००७ साली आपले पाठ चित्रित करून ठेवण्यास सुरुवात केली. गैरहजर मुलांची सोय व्हावी, हा मूळ हेतू. पुढे त्यांच्या ध्यानात आले की, मुलाला शिक्षकाची खरी गरज ऐकताना नसते, अडल्यावर असते. मग ऐकण्याचे काम त्यांनी घरी दिले आणि सोडवण्याचे काम वर्गात आणले.

आपल्याकडेही साधने आहेत. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडवरून तेथील पाठ उघडतात. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत अशा कोडचा वापर करणारे रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही मिश्र पद्धतीची शिफारस आहे. तथापि समोरासमोरच्या शिक्षणाचे महत्त्व त्याच धोरणाने मान्य केले आहे. तेव्हा प्रश्न यंत्र हवे की नको, हा नाही. कोणते काम यंत्राचे आणि कोणते आपले, हा आहे.

भूगोलातील ऋतुनिर्मितीचा पाठ घ्या. कललेली पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे फळ्यावर काढून दाखवणे कठीण. सहा-सात मिनिटांचा व्हिडिओ ते उत्तम दाखवतो आणि न कंटाळता दहा वेळा दाखवतो. ज्या मुलांच्या घरी उर्दू किंवा दखनी बोलली जाते, त्यांनी तोच विषय एकदा उर्दूतून ऐकावा आणि उत्तर मराठीत लिहावे. हे काम यंत्राचे.

पण व्हिडिओ पाहूनही पुष्कळ मुले म्हणतात, ‘उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो.’ वास्तविक पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्या थंडीत! मुलाच्या मनातला हा गैरसमज यंत्राला दिसत नाही. तो प्रश्न विचारून बाहेर काढणे, हे काम आपले.

यासाठी वर्गात काय करावे? मशिदीत वर्षभराच्या नमाजांच्या वेळांचा तक्ता टांगलेला असतो; घरच्या दिनदर्शिकेतही सूर्योदय-सूर्यास्त छापलेले असतात. प्रत्येक महिन्याच्या २१ तारखेच्या वेळा मुलांना वहीत उतरवून आणायला सांगा आणि दिवसाची लांबी काढू द्या. मुंबईच्या वेळांवरून जूनमध्ये सुमारे सव्वातेरा तास येतील, डिसेंबरमध्ये सुमारे अकरा. आता विचारा : २०१७ साली रमजान जूनमध्ये होता, तेव्हाचे रोजे लांब का? चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान मागे मागे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. गणिताप्रमाणे २०३० साली तो जानेवारीतही सुरू होईल आणि डिसेंबरच्या अखेरीसही. मग वर्गाच्या मधोमध दिवा ठेवा, चेंडूत विणकामाची सुई खुपसून ती साडेतेवीस अंशांनी कलती धरा. सुईचे टोक कायम एकाच भिंतीकडे ठेवून चेंडू दिव्याभोवती फिरवायला मुलांनाच सांगा. व्हिडिओत पाहिलेले तेव्हा त्यांच्या हातात येते.

आता मुख्य मुद्दा. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण फोनवर गेले, तेव्हा काय घडले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. कित्येक घरांत फोन एकच. तो दिवसभर वडिलांबरोबर रिक्षात किंवा गाड्यावर. रात्री घरी आला की पहिला हक्क भावाचा. उरला वेळ तर बहिणीचा. शाळा उघडल्या, पण घरातला फोन अजूनही पुष्कळ ठिकाणी एकच आहे. अशा वेळी ‘व्हिडिओ घरून पाहून या’ असे सरसकट सांगणे म्हणजे त्या मुलीला वर्गात बसवूनही वर्गाबाहेर ठेवणे होय. दुसऱ्या दिवशी ती गप्प बसेल आणि आपण समजू की, ती मंद आहे.

म्हणून माझे सांगणे असे की, पाठाची आखणी फोन नसलेल्या मुलापासून सुरू करावी. व्हिडिओ आधीच उतरवून ठेवावा, म्हणजे नेटची वाट पाहावी लागत नाही. त्यासोबत तीन प्रश्न द्यावेत आणि उत्तरे वहीत घ्यावीत. तासाची पहिली दहा मिनिटे वह्या पाहाव्यात. ज्यांनी व्हिडिओ पाहिला नसेल त्यांना त्याच वेळी मागच्या बाकावर तो दाखवावा, कारण न विचारता. संपूर्ण पाठ पुन्हा सांगत बसू नये, नाहीतर पाहून आलेली मुले उद्यापासून पाहणे सोडतील.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. शाळा सुटल्यावर एक तास एक खोली उघडी ठेवावी. तेथे चार-पाच टॅब, उतरवलेले पाठ, एक शिक्षिका आणि पाळीची वही असावी. त्या वहीत मुलींची नावे आधी लिहिली जावीत. भपकेदार डिजिटल वर्गापेक्षा ही खोली स्वस्त पडेल आणि अधिक मुलांपर्यंत पोहोचेल.

वाचकहो, आपण पालक असाल तर आज रात्री घरातला फोन अर्धा तास मुलीच्या हाती द्या. आपण शिक्षक असाल तर उद्या सकाळी तिला विचारा, ‘बेटा, काय समजलं?’ तिचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्या. अल्लाह आपल्या प्रयत्नांना बरकत देवो, हीच दुआ.