राणीची सासुरवाडी कोणती?

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढलं की वर महाबळेश्वर. तिथल्या मध संचालनालयानं सातेरी ही आपली देशी मधमाशी पेटीत पाळायला शिकवली. त्याच डोंगरातलं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. आता आपल्या बिरवाडीच्या अंगालाही कुणी पेट्या ठेवू म्हणेल, तर त्याला आधी सोयरिकीचं सांगायला हवं.

होतं असं. एखादी पेटी शांत निघते, मधही भरपूर देते. मधपाळ तिचेच भाग पाडतो, तिच्याच लेकी राण्या म्हणून दहा पेट्यांत बसवतो, शेजाऱ्यालाही देतो. म्हैस भरवताना आपण रेडा कुणाचा ते विचारतो. इथं बापाची चौकशीच नाही! राणी हवेत उडून अनेक नरांशी समागम करते. साऱ्या पेट्या एकाच माहेरच्या आणि आसपास रानमाशी उरलेली नाही, तर तिला भेटणार कोण? भाऊ आणि मावसभाऊच.

त्यानं बिघडतं काय? नर अफलित अंड्यातून होतो, त्याला बाप नसतो. हे झिअरझोन नावाच्या पाद्र्यानं १८४५ मध्येच मांडलं. फलित अंड्यातून मादी होते, पण एक अट आहे. लिंग ठरवणाऱ्या जनुकाच्या आईकडून आणि बापाकडून आलेल्या प्रती वेगळ्या हव्यात. सारख्या निघाल्या की फलित अंड्यातूनही नरच होतो, आणि कामकरी माश्या त्याला अंड्यातून बाहेर येताच काही तासांत खाऊन टाकतात. पोलंडचे शास्त्रज्ञ वॉयके यांनी १९६३ मध्ये हे दाखवलं. जनुक हाती लागलं २००३ मध्ये.

हिशेब करून पाहा. बारा नरांपैकी एकाचीच प्रत राणीशी जुळली, तर शेकडा ४ फलित अंडी वाया जातात. सगळेच जुळले तर निम्मी! मग वसाहत भरतच नाही, आणि मधपाळ फुलोऱ्याला बोल लावतो.

हे ओळखायचं तर पेटीतली चौकट उजेडात धरा. बंद पिल्लांच्या पट्ट्यातली दहा घरं आडवी, दहा तिरपी, अशी शंभर मोजा. मध्येच रिकामी घरं विखुरलेली, पण मेलेली अळी कुठंच नाही, तर सोयरिकीचा संशय घ्या. अळी पाण्याच्या पिशवीसारखी फुगून मेलेली दिसली तर ती थाई सॅकब्रूडची साथ. १९९१-९२ च्या सुमारास तिनं दक्षिणेत सातेरीच्या वसाहतींचा फडशा पाडला. साथीतून तगलेल्या मोजक्या पेट्यांवरूनच पुन्हा सगळं उभं केलं, तर दुसरं दुखणं तिथंच सुरू होतं.

ऑस्ट्रेलियात केर्न्सला २००७ मध्ये आपल्याच सातेरीच्या जातीची माशी पोचली. तिथं या जनुकाचे प्रकार मोजकेच होते. तरी वसाहती टिकल्या, कारण दुर्मीळ प्रकाराचं पिल्लू जगण्याची शक्यता जास्त, म्हणून ते प्रकार पिढ्यांमागून वाढत गेले. निसर्ग सावरतो; पण तिथं एकाच पेटीच्या राण्या वाटत फिरणारा मधपाळ नव्हता.

बाहेरून इटालियन माशी आणूनही हे सुटत नाही. जातच वेगळी, सातेरीशी तिचा संकर जगत नाही. आपली पुंजी म्हणजे रानातल्या ढोल्यांतली सातेरी. मधासाठी ढोलीला जाळ लावला की पुढल्या राण्यांचे नवरे जळतात. वरंधकडच्या मधपाळानं उमरठकडच्याशी राणीघरं बदलून घ्यावीत, दर हंगामाला निदान चार-पाच वेगळ्या पेट्यांच्या लेकी वाढवाव्यात. आणि नरांची घरं, त्यांच्या टोपणाला मधोमध बारीक भोक असतं म्हणून ती लगेच ओळखू येतात, ती ऐतखाऊंची म्हणून सरसकट कापू नयेत. निदान ज्या पेटीची आई वेगळ्या रानातून आली, तिची तरी राखावीत.