हाती आलेला संघ

पालीच्या बिंदुसरा धरणात पाणी असलं की रब्बी साधते. श्रेय मात्र एकट्या पेरणाऱ्याचं नसतं. क्रिकेट प्रशिक्षकाचंही तसंच. चंद्रकांत पंडित यांच्या हाताखाली मुंबईने २०१५-१६ चा रणजी करंडक जिंकला, पण ते मुंबईचं ४१वं विजेतेपद. भरल्या घरात दिवाळी गोडच होते. कुणी म्हणेल, मग विदर्भाचं काय? एकदाही न जिंकलेल्या त्या संघाने पंडित आल्यावर २०१७-१८ आणि २०१८-१९ असा सलग दोनदा करंडक नेला. मुद्दा बिनतोड वाटतो. पण वारसा म्हणजे केवळ कपाटातले करंडक नव्हेत. फैज फजल, उमेश यादव हे मोहरे पंडितांच्या आधीपासूनचे. वसीम जाफरही संघात होता. पहिल्या करंडकाच्या इंदूरमधल्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली, ती जोर धरत असलेल्या गोलंदाजीची खूण. तरी २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने मुंबईलाच हरवून पहिला करंडक उचलला, तोही पंडितांच्याच शिस्तीत; तेव्हा प्रशिक्षकाचा हात नाकारता येत नाही. फक्त त्याचं माप घेताना विजेतेपदं मोजू नयेत; संघ आला तेव्हा कुठे होता आणि तो कुठवर गेला, हे अंतर मोजावं. या मापाने मला पंडितांचा विदर्भातला करंडक मुंबईतल्यापेक्षा वजनदार वाटतो.