पासष्टीच्या आधीच थांबणारे वैमानिक



ओझरला प्रवासी टर्मिनल २०१४ साली उभं राहिलं, पण तिथून नियमित विमान उडावं म्हणून नाशिककरांना पुढेही बराच काळ वाट पाहावी लागली. २०१७च्या डिसेंबरात एअर डेक्कनचं छोटं विमान सुरू झालं. २०१८च्या जूनमध्ये जेट एअरवेजची दिल्लीची फेरी आली. या दोन्ही सेवा टिकल्या नाहीत. १७ एप्रिल २०१९च्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालेलं विमान जेटचं शेवटचं ठरलं. वर्षभराने, करोनाच्या टाळेबंदीत, एअर डेक्कनने काम थांबवलं आणि कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवलं. आपल्याकडे तेव्हा बोलणं झालं ते दिल्लीला आता कसं जायचं याचं. मला आज बोलायचं आहे ते ही विमानं चालवणाऱ्यांबद्दल आणि त्यांच्या घरांबद्दल.

नियम सांगतो की वैमानिकाला वयाच्या ६५व्या वर्षापर्यंत प्रवासी विमान चालवता येतं. आधी ही मर्यादा ६० होती, ती आंतरराष्ट्रीय पातळीवर २००६मध्ये वाढली. एअर इंडियात वैमानिक ५८व्या वर्षी निवृत्त होत. तिथेही २०२५मध्ये ही मर्यादा ६५वर नेली गेली. कागदावरचं वय असं वाढत चाललं आहे. प्रत्यक्षात कितीतरी वैमानिकांची नोकरी त्याच्या फार आधी संपते, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो.

पहिलं कारण तब्येतीचं. वैमानिकाला ठरावीक मुदतीने मेडिकल द्यावी लागते, साठीनंतर तर दर सहा महिन्यांनी. डोळे, कान, ईसीजी, रक्तदाब, साखर, सगळं तपासलं जातं. बँकेत किंवा शाळेत काम करणाऱ्याला रक्तदाबाची गोळी सुरू झाली तर तो दुसऱ्या दिवशी कामावर जातो. वैमानिकाला नवं औषध सुरू झालं की डॉक्टर होकार देईपर्यंत विमानापासून दूर राहावं लागतं. काहींना ‘तात्पुरते अनफिट’ असा शेरा मिळतो, काहींना कायमचा. हा शेरा बेचाळिसाव्या वर्षीही येऊ शकतो, घराचे हप्ते चालू असताना आणि मुलं शाळेत असताना. या भीतीपोटी दुखणं अंगावर काढण्याचा मोह होतो, आणि ते त्याच्याइतकंच मागे बसलेल्या प्रवाशांच्याही जिवावर बेतणारं आहे.

दुसरं कारण कंपनी बंद पडण्याचं. किंगफिशर २०१२मध्ये थांबली, जेट २०१९मध्ये, गो फर्स्ट २०२३च्या मे महिन्यात. करोनाच्या काळात, तेव्हा सरकारी असलेल्या एअर इंडियानेही सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बिनपगारी रजेची योजना आणली होती. पन्नाशीतल्या कॅप्टनने अशा वेळी करायचं काय? दुसरीकडे गेला तर बहुतेक ठिकाणी ज्येष्ठतायादीत तो तळाशी जातो. कुठलं विमान, कुठला तळ, कुठली सुट्टी, कॅप्टनची जागा कधी, हे बरंचसं या यादीवर ठरतं. शिवाय जेटची बहुतेक विमानं बोईंग ७३७ होती, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची एअरबस ए३२०. नव्या विमानासाठी नवं टाइप रेटिंग लागतं आणि त्याचा खर्च लाखांत जातो. २०१७च्या नियमाने कॅप्टनला नोकरी सोडण्याआधी एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. कंपनी मात्र एका रात्रीत थांबते. हा व्यवहार मला साफ अन्यायाचा वाटतो.

या धंद्यात नातीही वेगळी असतात. कॅप्टन आणि सहवैमानिक यांची जोडी कायमची नसते. रोस्टर निघतं, आणि काल ओळख नसलेली दोन माणसं आज शेजारी बसून शेकडो प्रवाशांचा भार उचलतात. धाकट्याने थोरल्याला अदब राखून पण ठामपणे चूक दाखवावी, हे आज त्यांना रीतसर शिकवलं जातं. १९७८मध्ये अमेरिकेत पोर्टलंडजवळ इंधन संपून एक विमान कोसळलं. इंधन कमी होत असल्याचं सहकारी सांगत होते, पण कॅप्टनचं लक्ष चाकांच्या बिघाडात अडकलं होतं. त्यानंतर हे प्रशिक्षण जगभर रुजलं.

नवरा-बायको दोघंही याच क्षेत्रात असतात, अशीही घरं पुष्कळ. वेळापत्रकाचे हाल फक्त त्यांनाच कळतात. दोघं एकाच कंपनीत असले तर ती बंद पडल्यावर एका दिवसात दोन्ही पगार जातात.

लग्न आणि नोकरी यांचा इथला इतिहास तर बोचणारा आहे. एअर इंडियाच्या हवाईसुंदरीने नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं, किंवा ती पहिल्यांदा गरोदर राहिली, तर तिला घरी पाठवलं जाई. एरवी ३५व्या वर्षी निवृत्ती. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी याविरुद्ध लढल्या. १९८१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, चार वर्षांची अट मात्र कायम ठेवली. लवकर निवृत्तीचा हा जाच त्या बायकांनी वैमानिकांच्या कितीतरी आधी सोसला आहे, आणि त्याची आठवण या क्षेत्राने ठेवायला हवी.

आपल्या नाशिकला तर हा विषय फार जवळचा आहे. गांधीनगरच्या लष्करी प्रशिक्षण केंद्रातून दर तुकडीगणिक तरुण अधिकारी पंख लावून बाहेर पडतात. २०२२च्या मे महिन्यात कॅप्टन अभिलाषा बराक यांना, लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून, ते पंख इथेच मिळाले. लष्करात अल्पसेवा नियुक्तीवर असलेला अधिकारी दहा ते चौदा वर्षांनी बाहेर पडतो, निवृत्तिवेतनाशिवाय. पस्तिशीत त्याला नागरी लायसन्सच्या परीक्षा द्याव्या लागतात. हेलिकॉप्टरवरचा अनुभव कितीही मोठा असला तरी विमानासाठी पुन्हा शिकावंच लागतं. नागपूरच्या घरातले दीपक साठे २२ वर्षं हवाई दलात होते, मग एअर इंडियात आले, आणि ७ ऑगस्ट २०२०ला कोळिकोडच्या धावपट्टीवरील अपघातात कामावर असतानाच गेले. अशा माणसांची दुसरी कारकीर्द पहिलीइतकीच कष्टाची असते.

म्हणून दोन मागण्या करते. लायसन्स गेल्यास भरपाई देणारा विमा प्रत्येक विमान कंपनीने अगदी नव्या सहवैमानिकालाही द्यावा, आणि सरकारने तो सक्तीचा करावा. दुसरी मागणी, बंद पडलेल्या कंपनीतल्या वैमानिकाला नव्या ठिकाणी त्याच्या उड्डाणाच्या तासांप्रमाणे जागा मिळावी.

आणि नाशिकच्या आईवडिलांना एक विनंती. मुलीला किंवा मुलाला वैमानिक करायला कर्ज काढताना फीबरोबर हेही विचारा की मेडिकल गेली तर काय, कंपनी बुडाली तर काय. विमानासोबत दुसरं एखादं शिक्षणही त्यांना पुरं करू द्या.