दर कमी, खर्च जास्त : जनरेटरच्या इंधनाची कोटेशनं कशी वाचावीत
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि त्यानंतर जेवण आहे, तेव्हा वेळ पाळतो. विषय आहे वीज गेल्यावर चालणाऱ्या जनरेटरच्या इंधनाचा. ते कोण पुरवणार, कोणत्या अटींवर, आणि त्याची कोटेशनं कशी वाचायची. रौप्यमहोत्सवात हा कसला विषय, असं काहींना वाटेल. पण आपला जनरेटर सोसायटीच्याच वयाचा आहे. येत्या वार्षिक सभेत तो बदलायचा ठराव येतोय आणि ऑफिसात तीन कोटेशनं येऊन पडली आहेत. तिन्हींवर मशीनची किंमत ठळक अक्षरात आहे. इंधनाबद्दल मात्र एकावरही ओळ नाही.

हा प्रश्न मला नीट कळला तो अमेरिकेत. माझी मुलगी आणि जावई पेनसिल्व्हेनियात राहतात. आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुलं तिकडे आहेत, त्यामुळे पुढचं ऐकून ठेवा, त्यांनाही उपयोगी पडेल. शहरापासून जरा लांब गेलं की तिकडे रस्त्याखाली गॅसची पाइपलाइन नसते. पाणी स्वतःच्या बोअरचं. वीज गेली की पंप बंद, म्हणजे नळाला पाणी नाही. हिवाळ्यात घर तापवणारी यंत्रणाही विजेवाचून बंद पडते, आणि फार वेळ गेला तर भिंतीतल्या पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आलं तेव्हा न्यू जर्सी, न्यूयॉर्क भागात लाखो घरं अंधारात गेली, काही ठिकाणी कित्येक दिवस. म्हणून अनेक जण घराबाहेर कायमचा जनरेटर बसवतात. वीज गेली की काही सेकंदांत तो आपोआप सुरू होतो. पाइपलाइन नसेल तिथे तो प्रोपेनवर चालतो. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं, तिकडे जवळजवळ निव्वळ प्रोपेन. अंगणात एक लांबट पांढरी टाकी असते, टँकर येऊन ती भरून जातो.

मशीन बसवणारा कंत्राटदार वेगळा, गॅस देणारा वेगळा. जावयांच्या कंत्राटदाराने आपल्या गिऱ्हाइकासाठी म्हणून तीन पुरवठादारांकडून गॅसचे दर मागवले. जावई म्हणाले, "बाबा, तुम्ही आयुष्यभर असलेच कागद वाचलेत, जरा बघता का?" मी चष्मा पुसून बसलो.

कंत्राटदार जाणता होता. "जनरेटरला गॅस हवाय, काय दराने द्याल?" एवढंच विचारून तो थांबला नव्हता. त्याने पुरवठादारांना लेखी कळवलं होतं की मशीन २२ किलोवॅटचं आहे, पूर्ण भाराला ताशी सुमारे साडेतीन लाख बीटीयू लागतात, टाकीपासून मशीन अमुक फूट लांब आहे, आणि घर तापवणं, स्वयंपाक सगळं विजेवर असल्यामुळे गॅस फक्त जनरेटरलाच लागणार आहे. साडेतीन लाख बीटीयू म्हणजे किती? आपल्या शेगडीचा मोठा बर्नर साधारण दहा हजारांचा धरा, म्हणजे पस्तीस बर्नर एकदम पेटवल्यासारखं. बँकेत कर्जाचा अर्ज अर्धवट भरलेला असला की आम्ही तो परत पाठवत असू. कोटेशनचंही तसंच आहे. विचारणा अर्धवट असली की तीन जण तीन वेगळ्या गोष्टींचे दर पाठवतात आणि आपण त्यांची तुलना करत बसतो.

आता टाकी केवढी हवी? पाचशे गॅलनची टाकी म्हटली तरी तिच्यात पाचशे गॅलन भरत नाहीत. उन्हात द्रव प्रसरण पावतो, म्हणून ८० टक्केच भरायची, म्हणजे चारशे गॅलन. वजनात सुमारे ७७० किलो. आपल्या भाषेत १४.२ किलोचे ५४ सिलिंडर! अर्ध्या भारावर हे मशीन तासाला अडीच गॅलनच्या आसपास खातं, म्हणजे दिवसाला साठ. तळाचा साठा राखून तीनशे गॅलन वापरायचे म्हटले तर पाच दिवस निघतात. तिघांपैकी एकाने स्वस्तात १२० गॅलनची टाकी सुचवली होती. तिच्यात भरणार ९६ गॅलन, म्हणजे जेमतेम दीड दिवस. शिवाय दुसरी अडचण थंडीची. टाकीत प्रोपेन द्रव असतो आणि त्याचा वायू व्हायला बाहेरून उष्णता लागते. लग्नाच्या आचाऱ्याच्या मोठ्या शेगडीला जोडलेल्या सिलिंडरवर बाहेरून दंव धरलेलं आपण पाहिलं असेल, ते त्यामुळेच. कडाक्याच्या थंडीत लहान टाकी एवढ्या मोठ्या मशीनला पुरेसा वायू देऊ शकत नाही. टाकीत गॅस असतो आणि मशीन मात्र धापा टाकतं. ते कोटेशन तिथेच बाजूला ठेवलं.

उरली दोन. इथे माझं जुनं डोकं चाललं. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल करून सांगतो. पहिल्याचा दर गॅलनला ३ डॉलर आणि टाकीचं भाडं वर्षाला १५० डॉलर. दुसऱ्याचा दर ४ डॉलर, भाडं नाही. पाहताक्षणी पहिला स्वस्त वाटतो. पण या घरात गॅस जाणार कशाला? दर आठवड्याला मशीन काही मिनिटं आपोआप चाचणीसाठी चालतं तेवढा, आणि वर्षातून एक-दोनदा वीज जाईल तेव्हा. समजा वर्षाला ५० गॅलन. पहिल्याचे होतात १५० अधिक १५०, म्हणजे ३०० डॉलर. खरा दर पडला गॅलनला ६. दुसऱ्याचे होतात सरळ २००. आता शेजारच्या घरात हीटरही गॅसवर आहे, वर्षाला ६०० गॅलन लागतात असं धरा. तिथे पहिल्याचे १,९५० आणि दुसऱ्याचे २,४००. कागद तेच, उत्तर उलटं. कोटेशन स्वस्त की महाग हे कागदावर ठरत नाही, आपल्या वापरावर ठरतं.

पुरवठादाराचीही बाजू समजून घ्यावी लागते. पाचशे गॅलनची टाकी तो आपल्या अंगणात ठेवतो म्हणजे त्याचं भांडवल तिथे अडकतं. वर्षाला पन्नास गॅलन घेणारं गिऱ्हाईक त्याला परवडत नाही. म्हणून बारीक अक्षरात अट येते, 'वर्षाला किमान इतके गॅलन, नाहीतर इतका आकार'. यात लबाडी नाही. आपण खातं उघडताना किमान शिल्लक ठेवतो ना, तशातलाच हा प्रकार. फक्त तो सही करण्यापूर्वी वाचायचा.

मग आम्ही दोघा पुरवठादारांना पाठवायचे प्रश्न काढले. टाकी कोणाच्या मालकीची? भाड्याच्या टाकीत साधारणपणे तिचा मालकच गॅस भरू शकतो, त्यामुळे दर वाढला तरी दुसऱ्याकडे जाता येत नाही. पहिल्या भरणीचा दर आणि नंतरचा दर एकच आहे का? करार मोडला तर टाकी उचलायचे किती, आणि आतला उरलेला गॅस कोणाचा? टाकी रिकामी झाली तर पुन्हा सुरू करण्याआधी गळतीची तपासणी करावी लागते, तिचे किती? रेग्युलेटर आणि पाइप कोण बसवणार, आणि एकाची जबाबदारी कुठे संपून दुसऱ्याची कुठे सुरू होते? टाकी घरापासून आणि शेजाऱ्याच्या हद्दीपासून किमान दहा फूट लांब ठेवायला जागा आहे का?

आणि सगळ्यांत मोठा प्रश्न: वादळात सगळा जिल्हा अंधारात असताना तुमचा टँकर आधी कोणाकडे जाणार? उत्तरं आली ती वाचण्यासारखी होती. एकाने लिहिलं, 'फोन कराल त्या क्रमाने.' दुसऱ्याने लिहिलं की आम्ही हिशेब ठेवून टाकी आपणहून भरत राहतो आणि अडचणीच्या दिवशी अशा नेहमीच्या गिऱ्हाइकांकडे आधी जातो. हा दुसरा म्हणजे ४ डॉलरवाला. मुलीने त्याला होकार दिला. जनरेटर घ्यायचा तो त्या एका दिवसासाठी. त्या दिवशी टँकर येणार नसेल तर स्वस्त दराला काय चाटायचंय?

आता आपल्या घरी येऊ. १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. आपल्या जनरेटरमध्ये डिझेल होतं ते थोडंच. ते पाण्याच्या पंपासाठी राखायचं म्हणून लिफ्ट बंद ठेवली. त्याच दिवशी सहाव्या मजल्यावरच्या आपल्या एका काकांना डायलिसिसला जायचं होतं. आपल्या पोरांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून सहा मजले उतरवलं. पोरांचं कौतुक त्या वेळीही झालं आणि आज पुन्हा करतो, टाळ्या होऊ द्या! पण मंडळी, ती पोरं आता नोकरीला बंगळुरूला आणि त्याच्याही पलीकडे गेली आहेत, आणि आपण सगळे पाच-सहा वर्षांनी थोराड झालो आहोत. २५ वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हा जिना दोन-दोन पायऱ्या चढत होतो. आज दोन घरांत ऑक्सिजनचं मशीन आहे.

म्हणून माझी सूचना. कोटेशनं उघडण्याआधी आपणच एक कागद तयार करू. वीज गेल्यावर काय काय चालायलाच हवं? एक लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, आणि ज्या घरांत वैद्यकीय मशीन आहे तिथे एक-एक प्लग. किती तास? तेवढ्याला इंधन किती? मग तिन्ही कंपन्यांना तोच कागद देऊन नव्याने दर मागवू. डिझेल असेल तर साठा किती ठेवायचा, तो जुना होऊन खराब होतो म्हणून कधी बदलायचा आणि ऐन वेळी आणून कोण देणार, हे लेखी घेऊ. पाइपच्या गॅसवर चालणारं मशीन असेल तर साठ्याची कटकट नाही, पण जोडणीचा खर्च, किमान आकार आणि लाइनच बंद पडली तर काय, हे विचारू. आणि कोणी सुचवेल की घरगुती सिलिंडर लावून टाकू, तर तसं करू नका. घरचा सिलिंडर स्वयंपाकासाठी आहे, दुसऱ्या कामाला लावणं बेकायदा आहे आणि धोक्याचंही.

खजिनदारांना एक विनंती. तुलनेचा तक्ता कराल त्यात मशीनच्या किमतीशेजारी आणखी तीन रकाने ठेवा: दहा वर्षांचा एकूण खर्च, भरल्या टाकीवर किती तास चालेल, आणि अडचणीच्या दिवशी इंधन आणून देण्याची लेखी हमी आहे की नाही. शेवटच्या रकान्यात 'नाही' असेल तर बाकीच्या रकान्यांचे आकडे कितीही गोड असोत, हात वर करण्यापूर्वी थांबा. आकडेमोडीला मदत लागली तर मी दुसऱ्या मजल्यावर आहे, दुपारी चारनंतर मोकळा असतो. चहा माझ्याकडे.

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. सुवर्णमहोत्सवाला आपल्यातले जे असतील त्यांना लिफ्टने खाली येता यावं, एवढीच इच्छा.

आता जेवायला चला.