फेडणाऱ्याचं काय? : अमेरिकेतील विद्यार्थी-कर्जमाफीचं राजकारण



'सातबारा कोरा करा' ही घोषणा ऐकत आपल्या दोन पिढ्या वाढल्या. अमेरिकेतही गेली दहा-पंधरा वर्षं अशीच एक मागणी घुमते आहे. तिथे मागणारे आहेत कॉलेजात शिकलेले आणि शिक्षणाचं कर्ज अंगावर घेऊन बाहेर पडलेले लोक. या मागणीला राजकीय पाठबळ कसं मिळालं आणि मिळालेलं पाठबळ ऐन वेळी अपुरं का पडलं, हा आजचा विषय.

आधी एक खुलासा. आपल्याकडून एमएस करायला जाणारा विद्यार्थी बहुधा इथल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज घेऊन जातो. रक्कम साडेसात लाखांच्या वर गेली की बँक सहसा तारण मागते आणि अनेक घरांत आईवडिलांचा राहता फ्लॅट गहाण पडतो. त्या कर्जाचा या माफीशी संबंध नाही, कारण व्हिसावर शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला अमेरिकी सरकार कर्ज देत नाही. मात्र तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांत जन्मलेल्या मुलांना ते मिळतं, आणि त्यांच्यापैकी कित्येक जण आज हे हप्ते भरत आहेत.

या सरकारी कर्जाचे कर्जदार आहेत सुमारे 4 कोटी 30 लाख आणि येणं आहे सुमारे 1.6 लाख कोटी डॉलर. सावकार खुद्द सरकार आहे. त्यामुळे माफी द्यायची की नाही हा प्रश्न बँकेच्या काउंटरवर सुटत नाही, तो निवडणुकीच्या मैदानात येतो.

या कर्जव्यवस्थेचा पाया एका जुन्या कायद्यात आहे. 8 नोव्हेंबर 1965 रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन टेक्ससमधल्या सॅन मार्कोसला गेले आणि ज्या कॉलेजात ते स्वतः शिकले होते तिथे बसून त्यांनी उच्च शिक्षण कायद्यावर सही केली. गरिबीत शिकलेला, मेक्सिकन वस्तीतल्या शाळेत मास्तरकी केलेला हा माणूस. पैशाअभावी कुणाचं शिक्षण अडू नये, ही त्याची तळमळ खरी होती. त्या वेळी कर्जाकडे जोडीची मदत म्हणून पाहिलं जात होतं. सार्वजनिक विद्यापीठांची फी माफक होती. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठात तर 1976 पर्यंत फीच नव्हती. शहराची तिजोरी रिकामी झाली आणि त्या वर्षी तिथेही फी लागू झाली.

त्याच 1976 साली अमेरिकी संसदेनं आणखी एक गोष्ट केली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची गाठ तिथे आहे. व्यापारात बुडालेला, जुगारात हरलेला, क्रेडिट कार्डानं कंगाल झालेला माणूस तिथे न्यायालयात जाऊन दिवाळखोरी जाहीर करू शकतो आणि नव्यानं सुरुवात करू शकतो. ही सोय विद्यार्थी-कर्जाला पहिली पाच वर्षं मिळणार नाही, असं 1976 च्या दुरुस्तीनं ठरवलं. डॉक्टर-वकील होणारी मुलं पदवी हातात पडताच दिवाळखोरी जाहीर करून कर्ज बुडवतात, अशी बोलवा होती. प्रत्यक्षात अशा रीतीनं बुडालेली कर्जं एक टक्क्याहूनही कमी होती. तरीही पाचाची सात वर्षं झाली, 1998 मध्ये मुदतीची अटच गेली आणि दरवाजा जवळजवळ कायमचा बंद झाला. 2005 मध्ये खासगी बँकांच्या विद्यार्थी-कर्जालाही तेच संरक्षण मिळालं. 2005 च्या त्या कायद्याच्या बाजूनं मत देणाऱ्यांत डेलावेअरचे सेनेटर जो बायडेन होते. त्याला हिरिरीनं विरोध करणाऱ्यांत हार्वर्डच्या एक प्राध्यापिका होत्या, एलिझाबेथ वॉरन. पुढे माफीच्या राजकारणात हीच दोन माणसं केंद्रस्थानी आली.

दरवाजा बंद झाल्यावर आत काय होतं, ते आकड्यांतच पाहू. समजा, एका मुलीनं 30,000 डॉलर कर्ज घेतलं, व्याज सहा टक्के. महिन्याला 150 डॉलर व्याज. तिचा पगार कमी म्हणून उत्पन्नाच्या हिशेबानं हप्ता बसला 100 डॉलर. म्हणजे दर महिन्याला 50 डॉलर व्याज थकत गेलं. एकही हप्ता न चुकवता तिनं दहा वर्षं पैसे भरले. भरणा झाला 12,000 आणि देणं झालं 36,000. थकलेलं व्याज मुद्दलात मिळवलं गेलं, तर परिस्थिती याहून वाईट. या मुलीला कुणी 'उधळी' म्हटलं, तर ते मला मान्य नाही. तिनं शब्द पाळला आहे. ज्या योजनेत शब्द पाळूनही कर्ज वाढतं, दोष त्या योजनेचा आहे.

2011 मध्ये आर्थिक विषमतेविरुद्ध न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कात जमलेल्या आंदोलकांत असे कर्जदार मोठ्या संख्येनं होते. 2015 मध्ये 'कॉरिंथियन कॉलेजेस' ही नफ्यासाठी चालणारी साखळी कोसळली. नोकरीची खोटी स्वप्नं दाखवून तिनं मुलांना कर्जात लोटलं होतं. तिच्या पंधरा माजी विद्यार्थ्यांनी 'आम्ही कर्ज फेडणार नाही' असं उघड जाहीर केलं. सुरुवातीला फार कुणी त्यांची दखल घेतली नाही. पण जून 2022 मध्ये सरकारनं या साखळीच्या 5 लाख 60 हजार माजी विद्यार्थ्यांचं 580 कोटी डॉलरचं कर्ज रद्द केलं. पंधरा जणांच्या हट्टातून एवढं निघालं, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

2020 च्या निवडणुकीपर्यंत ही मागणी डेमोक्रॅटिक पक्षाच्या व्यासपीठावर पोहोचली होती. बर्नी सँडर्स म्हणाले, सगळं माफ. वॉरन म्हणाल्या, 50 हजारांपर्यंत. बायडेन 10 हजारांवर आले. कृष्णवर्णीय मतदारांच्या संघटनांनी जोर लावला, कारण घरात पिढीजात संपत्ती नसलेल्या मुलांवर या कर्जाचा भार जास्त पडतो.

त्या प्रचारातला एक प्रसंग तपशिलात सांगतो. जानेवारी 2020, आयोवा राज्यातलं ग्राइम्स नावाचं गाव. सभा संपल्यावर एक गृहस्थ वॉरन यांच्यासमोर आले. मुलीचं शिक्षण संपत आलं होतं आणि तिच्यावर एका पैचंही कर्ज नव्हतं, कारण बापानं पैसे साठवले होते. त्यांनी विचारलं, माझे पैसे परत मिळणार का? वॉरन म्हणाल्या, अर्थातच नाही. गृहस्थ तापले. माझ्या मित्रानं गाडी घेतली, सहली केल्या, तो माझ्यापेक्षा जास्त कमवत होता. मी जादा पाळ्या केल्या. आणि आता माफी त्याला? कॅमेऱ्यासमोर घडलेला हा संवाद देशभर फिरला.

अनेक पुरोगामी मित्र या बापाला स्वार्थी म्हणतात. मी म्हणणार नाही. तो पैशापेक्षा मान मागत होता. आपल्याकडच्या राज्यकर्त्यांना ही नस सापडली होती. महाराष्ट्राच्या 2017 च्या शेतकरी कर्जमाफीत नियमित परतफेड करणाऱ्याला 25 हजारांपर्यंत आणि त्यानंतरच्या योजनेत 50 हजारांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम ठेवावी लागली. ती उशिरा मिळाली, अपुरी होती, हे सगळं खरं. पण ज्यानं पोटाला चिमटा घेऊन सोसायटीचा हप्ता भरला, त्याची दखल तरी घेतली गेली. अमेरिकेतल्या माफीच्या समर्थकांनी अशी तरतूद मांडलीच नाही.

24 ऑगस्ट 2022 रोजी बायडेन यांनी घोषणा केली: वार्षिक उत्पन्न सव्वा लाख डॉलरपेक्षा कमी असलेल्यांना 10 हजार, आणि गरिबांसाठीचं पेल अनुदान घेतलेल्यांना 20 हजार डॉलर माफ. अंदाजे खर्च 40 हजार कोटी डॉलर. 2 कोटी 60 लाख लोकांनी अर्ज केले, 1 कोटी 60 लाख मंजूरही झाले. विरोधकांनी 'प्लंबरच्या करातून वकिलाची माफी' अशी मांडणी केली. तिचा परिणाम झाला, कारण तिथे निम्म्याहून जास्त प्रौढांकडे पदवी नाही. ओहायोत सेनेटची निवडणूक लढवणारे बायडेन यांच्याच पक्षाचे टिम रायन घोषणेच्या विरोधात बोलले. व्हाइट हाउसनं उलट विचारलं की, कोविडकाळात उद्योगांना दिलेली सुमारे 80 हजार कोटी डॉलरची कर्जं बहुतांशी माफ झाली, त्यात विरोधी खासदारांच्याही कंपन्या होत्या, ती माफी कशी चालली? प्रश्न रास्त होता. पण ती माफी संसदेनं कायदा करून दिली होती आणि ही एका सहीवर उभी होती.

हा फरक निर्णायक ठरला. 2023 च्या मे-जूनमध्ये ही माफी रद्द करणारा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. सेनेटमध्ये 52 विरुद्ध 46. डेमोक्रॅट सेनेटर मॅन्चिन व टेस्टर आणि अपक्ष सेनेटर सिनेमा यांनी ठरावाच्या बाजूनं मत दिलं. बायडेन यांनी नकाराधिकार वापरला. पण 30 जून 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं 6 विरुद्ध 3 मतांनी योजना रद्द ठरवली: 2003 च्या ज्या कायद्याचा आधार घेतला, तो इतकी मोठी माफी देण्याचा अधिकार देत नाही. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात बायडेन यांच्याच पक्षाच्या माजी सभापती नॅन्सी पेलोसी यांचं जुनं विधान उद्धृत केलं. राष्ट्राध्यक्षांना हा अधिकार नाही, असं त्या 2021 मध्ये म्हणाल्या होत्या.

त्यानंतर बायडेन प्रशासनानं जुन्याच कायद्यांतल्या तरतुदी नीट राबवल्या. सार्वजनिक सेवेत दहा वर्षं काढलेले शिक्षक आणि परिचारिका, अपंग, फसवले गेलेले विद्यार्थी, असे एकूण 50 लाखांहून अधिक लोक कर्जमुक्त झाले. या कामाची बातमी फारशी झाली नाही आणि मतंही फारशी मिळाली नसावीत. यातली सार्वजनिक सेवेची तरतूद 2007 मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या सहीनं कायद्यात आली होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. एका बाजूच्या घोषणेपेक्षा दोन्ही पक्षांनी मान्य केलेलं कलम जास्त टिकलं.

मे 2025 मध्ये थकबाकीदारांकडून सक्तीची वसुली पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी जुलैत मंजूर झालेल्या कायद्यानं नवी परतफेड योजना आणली आहे. तिच्यात उरलेलं कर्ज माफ व्हायला तीस वर्षं लागतील. बाविसाव्या वर्षी शिक्षण संपवलेली मुलगी तेव्हा बावन्न वर्षांची असेल.

म्हणून सरसकट माफीच्या मागणीपेक्षा मला 2021 चं एक विधेयक महत्त्वाचं वाटतं. डेमोक्रॅट डिक डर्बिन आणि रिपब्लिकन जॉन कॉर्निन यांनी ते एकत्र मांडलं होतं. हप्ते सुरू होऊन दहा वर्षं झाली की विद्यार्थी-कर्जालाही दिवाळखोरीची सोय मिळावी, आणि ज्या कॉलेजांचे विद्यार्थी मोठ्या प्रमाणात बुडतात त्यांनी सरकारला भरपाई द्यावी, अशी त्यात तरतूद होती. न्यायाधीश प्रत्येकाची परिस्थिती पाहणार, सधन वकिलाला तिथे थारा मिळणार नाही, आणि आयोवातल्या बापालाही आपण मूर्ख ठरलो असं वाटणार नाही. उद्या धंद्यात बुडाला तर त्यालाही हाच कायदा लागू आहे. ते विधेयक समितीच्या पुढे सरकलं नाही. 2022 च्या नोव्हेंबरात न्याय खात्यानं विद्यार्थी-कर्जाच्या दिवाळखोरीचे नियम थोडे सैल केले, आणि ज्यांनी अर्ज केले त्यांच्यापैकी निकाल लागलेल्या बहुतेकांना पूर्ण किंवा अंशतः सुटका मिळाली. पण 4 कोटी 30 लाखांच्या मानानं अर्ज करणारे मूठभर आहेत, आणि खात्याचा नियम पुढचं सरकार बदलू शकतं. 1976 मध्ये काढून घेतलेला हक्क संसदेनं कायद्यानंच परत द्यायला हवा. माफीच्या समर्थकांनी पुढच्या निवडणुकीत मतं मागावीत ती यासाठी.