अरबी विद्येचे उपासक : असफ फैझी



शाळेचा दिवस हजेरीने सुरू होतो, फळ्यावर तारीख लिहिली जाते आणि शाळा सोडताना दाखला हाती पडतो. हजेरी, तारीख, दाखला, एवढेच काय, इमारत हा शब्दही मुळात अरबी. फारसीच्या वाटेने हे शब्द मराठीत आले आणि येथलेच झाले. त्या अरबी भाषेचा एक थोर अभ्यासक महाराष्ट्रातच, माथेरानला, १० एप्रिल १८९९ रोजी जन्मला, ही गोष्ट मराठी शाळांतून फारशी सांगितली जात नाही. त्यांचे नाव असफ अली असगर फैझी.

बद्रुद्दीन तय्यबजींच्या नात्यातले हे सुलेमानी बोहरा घराणे. मुंबईचे सेंट झेवियर्स आणि केंब्रिजचे सेंट जॉन्स या महाविद्यालयांत शिक्षण, बॅरिस्टरीची सनद, मुंबई उच्च न्यायालयात वकिली असा त्यांचा मार्ग गेला. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे जे प्राचार्यपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषविले होते, ते १९३८ मध्ये फैझींकडे आले. पुढे इजिप्तमधील भारताचे राजदूत, काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९६२ मध्ये पद्मभूषण. परंतु पदांच्या या यादीत खरे फैझी सापडत नाहीत.

ते सापडतात हस्तलिखितांत. दहाव्या शतकात फातिमी खलिफा मुइझ यांच्या आज्ञेवरून काझी नुअमान या विद्वानाने ‘दआइम अल्-इस्लाम’ हा धर्मशास्त्राचा ग्रंथ रचला. ११७१ मध्ये फातिमी सत्ता संपली, इजिप्तमधील ग्रंथभांडारे विखुरली. या परंपरेचे ग्रंथ टिकले ते येमेनमध्ये आणि पुढे गुजरात-मुंबईच्या बोहरा घरांत, पण पेटीबंद. परक्याला ते दाखवायचे नाहीत असा दंडक होता. छळ सोसलेल्या समाजाची ती सावधगिरी होती, तिला केवळ संकुचितपणा म्हणणे अन्यायाचे होईल. (भोसल्यांच्या अमदानीत छत्तीसगडात आलेल्या ज्या मराठी घराण्यांच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल अजून बांधलेले असतील, त्यांना ही वृत्ती परकी वाटू नये.)

या गुप्ततेचा फटका न्यायालयात बसे. इस्नाअशरी शियांचा कायदा मुदतीचा विवाह, म्हणजे मुता, मान्य करतो. ‘दआइम’ तो निषिद्ध ठरवते. सर्व शियांना एकच कायदा लावला, तर इस्माइली पक्षकाराला त्याचा स्वतःचा कायदा मिळणार कसा? आणि मूळ ग्रंथच समोर नसेल, तर न्यायाधीश तरी काय करणार? फैझींनी १९३३ मध्ये या ग्रंथातील मृत्युपत्रांचे प्रकरण इंग्रजी अनुवादासह छापून वाट मोकळी केली.

मग संपूर्ण ग्रंथ हाती घेतला. हे काम किती जिकिरीचे! अरबी लिपीत एकाच दात्याखाली एक टिंब दिले तर ‘ब’, वर दोन दिली तर ‘त’. लेखनिकाच्या हातून टिंब सुटले की शब्द बदलतो, आणि कायद्याच्या ग्रंथात शब्द बदलला की हक्क बदलतो. म्हणून अनेक प्रती शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागे. पहिला खंड १९५१ मध्ये कैरो येथे प्रसिद्ध झाला, फैझी तेथे राजदूत असतानाच. ज्या भूमीत ग्रंथकर्त्याने देह ठेवला, त्या भूमीत सुमारे हजार वर्षांनी त्याचा ग्रंथ परतला, तो माथेरानला जन्मलेल्या माणसाच्या हातून. दुसरा खंड १९६० चा.

संग्रहातील इस्माइली हस्तलिखिते त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकली. १९६५ मध्ये त्यांची वर्णनात्मक सूची निघाली आणि पेटीतले ज्ञान कोणाही जिज्ञासूला मागून वाचता येऊ लागले. ‘इस्लामकडे आधुनिक दृष्टीने’ पाहणाऱ्या त्यांच्या १९६३ च्या इंग्रजी पुस्तकातील आग्रहही याच जातीचा आहे: धर्म आणि कायदा वेगळे ओळखा, कुराण समजून घ्यायचे तर इतिहास अभ्यासा आणि अरबीबरोबर तिच्या भगिनीभाषाही शिका. हे विचार अनेकांना रुचले नाहीत. फैझी मात्र श्रद्धावान मुसलमान म्हणूनच ते मांडत राहिले.

२३ ऑक्टोबर १९८१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘दआइम’चा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद अप्रकाशित होता. इस्माइल पूनावाला या विद्वानाने तो तपासून, टीपा जोडून सिद्ध केला. त्याचे दोन खंड २००२ आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.